बी.ए. ते बॅकएंड: कलाशाखेतून सॉफ्टवेअरमध्ये कसं यायचं

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत मी तीन वर्षं एकाच खुर्चीवर बसले. इतिहासात एम.ए. झालं होतं, मोडी वाचता येत होती आणि एमपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा निघून मुख्य परीक्षेत दोनदा अडले होते. आज मी खराडीला बॅकएंड डेव्हलपर आहे, म्हणजे वेबसाइटच्या पडद्यामागे सर्व्हरवर चालणारा कोड लिहिते, आणि या कामात मला आठ वर्षं झाली. गावाकडून, ओळखीतून, कॉलेजच्या ग्रुपवरून दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं, "ताई, मी बी.ए. आहे, आयटीत येता येईल का?" फोनवर तासभर बोलूनही निम्मं राहून जातं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते आहे.

उत्तर "येता येईल" असंच आहे. पण तीन महिन्यांत येता येत नाही, आणि कर्ज काढून तर येऊच नका.

आधी एक महिना, फुकट

क्लास लावायच्या आधी हे काम आपल्याला आवडतं का ते बघा. पगार आवडणं वेगळं आणि काम आवडणं वेगळं. दिवसातले सहा तास एका न चालणाऱ्या गोष्टीपुढे बसून "का चालत नाही" हे शोधणं, म्हणजे हे काम. माझ्या बॅचमधल्या एका हुशार मुलीला दोन आठवड्यांत कळलं की याने तिचं डोकं उठतं. ती आज उत्तम शिक्षिका आहे. दोन आठवडे गेले, पैसे नाही गेले.

या महिन्यासाठी हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा ऑनलाइन कोर्स पुरे आहे. शिकायला पैसे लागत नाहीत. पहिले दोन-तीन आठवड्यांचे धडे बघा आणि त्यातल्या गृहपाठाची गणितं स्वतः सोडवा. नुसते व्हिडिओ बघितले तर काहीच कळणार नाही, पण सगळं कळल्यासारखं मात्र वाटेल. इंग्रजी जड जात असेल तर व्हिडिओ थांबवत, खालची अक्षरं वाचत पुढे जा. वेग कमी पडला तरी चालतो.

लॅपटॉप जुना असला तरी हरकत नाही, रॅम ८ जीबी असावी. मी वापरलेला घेतला होता, बॅटरी अर्धा तास टिकायची. अभ्यासिकेत प्लगच्या शेजारची जागा मिळावी म्हणून सकाळी साडेसहाला जायचे.

महिना संपल्यावर स्वतःला एकच विचारायचं: अडलेला प्रोग्राम चालला तेव्हा रात्री कुणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं का? वाटलं असेल तर पुढे वाचा.

पैसा आणि वेळ यांचा हिशोब

शून्यापासून सुरुवात केली आणि रोज चार तास दिले, तर पहिल्या नोकरीपर्यंत साधारण बारा ते अठरा महिने धरा. मला सोळा लागले. हातात नोकरी असेल तर सोडू नका. नसेल तर शिकवण्या, डेटा एंट्री, ग्रंथालयातलं काम असं काहीतरी धरा, ज्यातून खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे निघतील. घरून पैसे येत असतील तर "वर्षभरात लागेल" असं तोंडातून काढू नका. दीड वर्ष सांगा आणि दर तीन महिन्यांनी काय केलं ते घरच्यांना दाखवा. वडिलांना कोड कळत नाही, पण मोबाइलवर उघडणारं पान कळतं.

पदवीचा प्रश्न

बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत "बी.ई., बी.टेक., एमसीए" अशी अट असते आणि ती अट माणूस नाही, यंत्र तपासतं. तुमचा अर्ज कुणाच्या डोळ्यांपुढे यायच्या आधीच गळतो. याचा राग मलाही यायचा, पण रागाने गाळणी बदलत नाही. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. एक, पदवी मिळवायची. दोन, जिथे ही गाळणी नाही अशा दारांनी आत जायचं. मी दुसऱ्या मार्गाने आले. तुम्ही पंचविशीच्या आत असाल आणि घरची तयारी असेल, तर पहिला मार्ग जास्त सुरक्षित आहे असं माझं मत आहे.

एमसीए आता दोन वर्षांचं आहे आणि बी.ए. झालेल्यांनाही ते बंद नाही. खरी अडचण गणिताची. बारावीला किंवा पदवीला गणित नसेल तर काय लागेल, ब्रिज कोर्स करावा लागेल का, हे त्या वर्षीच्या सीईटीच्या माहितीपुस्तिकेत बघा. कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा, कारण हे नियम बदलत असतात. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवी आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी लागतं. जेईई नाही, पण चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. ती सोपी नाही, आणि तेच बरं आहे.

पुण्यात राहून सगळे सीडॅकचं नाव घेतात. १९८८ साली सुरू झालेली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा करणारी संस्था, आणि तिचा पदव्युत्तर डिप्लोमा खरंच चांगला आहे. पण तो मुळात इंजिनिअरिंग किंवा संगणक, गणित अशा विषयांच्या पदव्या असलेल्यांसाठी आहे. नुसत्या बी.ए.वर तिथे दार उघडत नाही. प्रवेश परीक्षेच्या तयारीत सहा महिने घालवून मग अट वाचलेली मुलं मी पाहिली आहेत. अट आधी वाचा.

क्लासवाले

डेक्कनपासून कर्वे रोडपर्यंत फलक आहेत: शंभर टक्के प्लेसमेंट, नॉन-आयटीसाठी खास बॅच. सगळे फसवे नाहीत. काही ठिकाणी मन लावून शिकवणारे सर आहेत आणि शिस्तीसाठी क्लास लागतो अशीही मुलं असतात. फक्त पैसे भरायच्या आधी तीन गोष्टी करा. मागच्या बॅचमधल्या, बी.ए. किंवा बी.कॉम. असलेल्या दोन मुलांचे नंबर मागा आणि त्यांना क्लासच्या बाहेर भेटा. एक दिवस फुकट बसू द्या म्हणा. आणि सही करायच्या कागदावर फी हप्त्याने आहे की तुमच्या नावावर कर्ज काढलं जातं आहे, ते बघा. दुसरा प्रकार असेल तर क्लास बंद पडला तरी हप्ते चालू राहतात.

मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायची नाही. क्लासकडे नाही, कंपनीकडेही नाही. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देत नाही.

आता एक नाजूक गोष्ट. "फ्रेशरला कोण विचारतं, दोन वर्षांचा अनुभव दाखवू, लेटर आम्ही देतो" असं सांगणारे लोक या शहरात आहेत. मलाही एकाने समोर बसवून, चहा पाजून हे सांगितलं होतं. करू नका. नीतीची गोष्ट बाजूला ठेवली तरी हे पकडलं जातं. पीएफचा बारा आकडी यूएएन असतो, त्यावर कोणत्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतात याची नोंद असते आणि पार्श्वभूमी तपासणीत ती मागतात. रुजू झाल्यावर तीन महिन्यांनी घरी पाठवलेली माणसं आहेत. त्याहून वाईट म्हणजे खोटी दोन वर्षं दाखवून आलेल्याला त्याच दिवसापासून दोन वर्षांच्या अनुभवाचं काम देतात.

काय शिकायचं, कोणत्या क्रमाने

सगळ्यांत जास्त वेळ "कोणती भाषा शिकू" यात जातो. पायथॉन घ्या. वेबसाइट दिसायला कशी बनते यात जास्त रस असेल तर जावास्क्रिप्ट घ्या. पुण्यात बँका आणि विमा कंपन्यांची कामं करणाऱ्या ठिकाणी जावा बरीच चालते, तिची गरज पडली की पुढे शिकता येते. दुसरी भाषा पहिलीच्या पाव वेळात येते. एक निवडली की सहा महिने बदलायची नाही.

पहिले तीन महिने भाषेचेच: व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, यादी, डिक्शनरी, फाइल वाचणं-लिहिणं. सोबत टर्मिनल. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला पहिला आठवडा भीती वाटते, नंतर माउस हातात घ्यायचा कंटाळा येतो. चौथ्या महिन्यापासून गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. गिटमधली कमिट म्हणजे तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि बदलाचं कारण असलेली नोंद. इतिहासवाल्याला याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही. कारणाच्या जागी "अपडेट" एवढंच लिहिणाऱ्यांचा मला आजही राग येतो.

मग डेटाबेस आणि त्याला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल. इथे थोडं थांबते, कारण नवी मुलं हा भाग उरकून टाकतात आणि मुलाखतीत इथेच पडतात.

एका लहान ग्रंथालयाची कल्पना करा. तीन तक्ते: वाचक, पुस्तकं, देवघेव. "कोणत्या वाचकाने किती पुस्तकं नेली" हे सगळ्यांना काढता येतं. आता प्रश्न उलटा करा: गेल्या तीन महिन्यांत एकही पुस्तक न नेलेले वाचक कोण? वाचक आणि देवघेव हे तक्ते साध्या जॉइनने जोडले की ज्यांची देवघेवच नाही ते वाचक उत्तरातून गायब होतात, आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. म्हणून लेफ्ट जॉइन लागतो, जो असे वाचकही ठेवतो आणि त्यांच्यापुढे देवघेवीचा रकाना रिकामा सोडतो. तो लावल्यावर बहुतेक जण तीन महिन्यांची अट क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) शेवटी, व्हेअर या गाळणाऱ्या भागात टाकतात. तिथे रिकाम्या नोंदी अटीत बसत नाहीत म्हणून पुन्हा गळतात. तारखेची अट जॉइनच्या ऑनमध्येच, म्हणजे तक्ते कशावर जोडायचे ते सांगतो तिथेच टाकायची, आणि व्हेअरमध्ये फक्त "देवघेवीचा रकाना रिकामा आहे" एवढं विचारायचं. हे एक उदाहरण स्वतः तक्ते बनवून, वीस खोट्या नोंदी भरून, चुकून, परत करून बघा. पन्नास व्हिडिओंपेक्षा जास्त शिकाल.

त्यानंतर वेब. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यावर काय काय घडतं, विनंती आणि उत्तर म्हणजे काय, ४०४ आणि ५०० यांत फरक काय, एपीआय म्हणजे काय. पायथॉन घेतली असेल तर फ्लास्क किंवा जँगो या वेबसाइट बनवायच्या तयार चौकटी, दोन्हींतली एक. एचटीएमएल आणि सीएसएस कामापुरतं. टेस्ट (आपला कोड बरोबर चालतो का ते तपासणारा कोड) लिहायला इथूनच लागा, नंतर सवय लागत नाही.

गणिताची भीती? बहुतेक वेब कामाला दहावीचं गणित आणि तर्क पुरतो. मशीन लर्निंगमध्ये जायचं असेल तर मात्र संख्याशास्त्र आणि रेषीय बीजगणित शिकावं लागेल, तिथे सुटका नाही. डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम मुलाखतीसाठी लागतात. अॅरे, स्ट्रिंग, हॅश मॅप, स्टॅक, क्यू, सॉर्टिंग, बायनरी सर्च, थोडं रिकर्शन, ट्रीची ओळख. एवढं नीट आलं तर लहान-मध्यम कंपन्यांत निभावतं. पाठ करू नका, का चालतं ते समजून घ्या. क्रमाने लावलेल्या दहा लाख नावांच्या यादीत एक नाव शोधायला वीसच तुलना पुरतात, कारण दर तुलनेला निम्मी यादी बाद होते. शब्दकोशात आपण शब्द असाच शोधतो.

चूक वाचायला शिका

आपल्या लोकांची खरी कमाई मला इथे दिसते. प्रोग्राम पडला की पायथॉन दहा-पंधरा ओळींचा लाल मजकूर फेकतो. नवखा माणूस तो न वाचताच गुगलवर चिकटवतो, हल्ली एआयला देतो. तुम्ही वाचा. सगळ्यांत खालची ओळ आधी, काय बिघडलं ते तिथे असतं. मग वर जात जात तुम्ही स्वतः लिहिलेली फाइल कुठे दिसते ती ओळ शोधा.

मोडी कागद वाचताना सर सांगायचे, अडलेल्या शब्दावर रेंगाळू नका, ओळखीचे शब्द आधी धरा. हे तसंच आहे. दुसऱ्याने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला कोड, ज्याचा कर्ता कंपनी सोडून गेला आहे, टिपा अर्धवट आहेत: नोकरीत निम्म्याहून जास्त वेळ अशा कागदांपुढेच जातो. नवं लिहिणं कमी, वाचणं फार. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र शिकलेल्या माणसाला न कळणाऱ्या मजकुरापुढे शांत बसायची सवय असते. पण ही सवय मुलाखतीत तोंडाने सांगून काही मिळत नाही. कामातून दिसावी लागते.

प्रकल्प: कॅल्क्युलेटर आणि टू-डू लिस्ट सोडून काहीही

ज्यांना मी नोकरीसाठी तपासते त्यातल्या निम्म्या अर्जांत हवामानाचं ॲप असतं, एकाच व्हिडिओवरून उतरवलेलं, रंगासकट. तुम्हाला जे येतं आणि इंजिनिअरिंगवाल्याला येत नाही, ते वापरा. मराठीच घ्या.

पायथॉनला "पुणे" या शब्दाची लांबी विचारा. आपल्याला अक्षरं दोन दिसतात, तो चार सांगतो. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या जागतिक यादीत, प, उकार, ण आणि मात्रा हे चार वेगळे संकेत आहेत. "क्षत्रिय" विचारा. आपल्यासाठी तीन अक्षरं, त्याच्यासाठी आठ. "पुणे" उलटा करायला सांगा: आधी एक निराधार मात्रा, मग णु, मग प. उकार पच्या खालून निघून णला जाऊन चिकटतो. इंग्रजीतला "शब्द उलटा करा" हा मुलाखतीतला बाळबोध प्रश्न मराठीत आला की भाषेचा प्रश्न होतो: अक्षर म्हणजे काय, जोडाक्षर एक धरायचं की दोन?

आता शब्दांची यादी मराठी क्रमाने लावा. संगणक "केळ"ला "केस"च्या आधी बसवतो. युनिकोडमध्ये ळ हा लच्या लगेच नंतर, वच्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो हच्या नंतर आहे, म्हणून मराठी कोशात केस आधी, केळ नंतर. हे दुरुस्त करणारं पन्नास ओळींचं फंक्शन लिहा. पुढची पायरी "दऱ्या"मधला ऱ. तो दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकच संकेत म्हणून किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन. डोळ्यांना सारखेच, संगणकाला वेगळे, त्यामुळे शोधलं तर सापडत नाही. यावर नॉर्मलायझेशन नावाचा उपाय आहे. तो वाचा, लावा, टेस्ट लिहा.

मग एखाद्या जुन्या, हक्कमुक्त मराठी मजकुरातल्या शब्दांची वारंवारता मोजा. घर, घरात, घराला, घरातून हे चार शब्द की एकच? सामान्यरूप काय असतं हे तुम्ही शाळेपासून घोकलं आहे, ते आता नियम म्हणून कोडमध्ये उतरवायचं. नियम तुटेल तिथे अपवादांची यादी करा. यावर एक साधं वेबपान बनवा, ज्यात कुणीही मजकूर टाकला की यादी मिळेल. ते इंटरनेटवर चढवा, कोड गिटहबवर (गिटमधला कोड सगळ्यांना दिसेल असा ठेवायच्या संकेतस्थळावर) ठेवा, आणि सोबतच्या वाचा-मला (रीडमी) फाइलमध्ये काय केलं, काय जमलं नाही, का जमलं नाही हे नीट लिहा. अशाच दोन पानांच्या फाइलमुळे मला पहिली मुलाखत मिळाली. समोरच्याने ळची गोष्ट आधी ऐकलेली नव्हती. पंधरा मिनिटं आम्ही त्यावरच बोलत होतो.

मराठी नको असेल तर भूगोलवाल्यांनी पावसाच्या नोंदी घ्या, अर्थशास्त्रवाल्यांनी मार्केट यार्डातले कांद्याचे भाव. मुद्दा असा की विषय तुमच्या ओळखीचा हवा, म्हणजे उत्तर चुकलं तर तुम्हाला वास येतो.

एआयचं काय करायचं

आता कोड लिहून देणारी साधनं सगळ्यांकडे आहेत आणि त्यामुळे नवख्यांना दिली जाणारी सोपी कामं कमी झाली आहेत. आमच्याच टीममध्ये ते दिसतं. शिकताना माझा नियम: पहिली तीस मिनिटं स्वतः, मग विचारायचं. उत्तर मिळालं की ते बंद करून पुन्हा स्वतः लिहायचं. एआयने दिलेल्या कोडातली एक जरी ओळ तोंडी समजावता येत नसेल, तर ती तुमच्या प्रकल्पात नको. मुलाखतीत आम्ही नेमकी तीच ओळ विचारतो.

आत शिरायची दारं

सरळ डेव्हलपर म्हणून नोकरी मिळाली तर उत्तम, पण टेस्टिंग, सपोर्ट आणि टेक्निकल रायटिंग ही बी.ए.वाल्यांसाठी जास्त उघडी दारं आहेत. टेक्निकल रायटिंगला, म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहून देण्याच्या कामाला, तर भाषेची माणसं हवीच असतात. फक्त आत गेल्यावर तिथेच रुतू नका. टेस्टिंगमध्ये असाल तर पहिल्या सहा महिन्यांत हाताने करायच्या तपासण्या कोडने करायला लागा. मग डेव्हलपर टीमचे लहान बग (कोडमधल्या चुका) मागून घ्या. कंपनीच्या आतून झालेली बदली बाहेरच्या अर्जापेक्षा सोपी असते, कारण तिथे पदवीची गाळणी नसते.

हिंजवडी आणि मगरपट्ट्याच्या काचेच्या इमारतींकडेच बघू नका. बाणेर, कर्वेनगर, कोथरूडमध्ये फ्लॅटमधून चालणाऱ्या दहा-पंधरा माणसांच्या कंपन्या आहेत. भोसरी, चाकणच्या कारखान्यांना साठा, हजेरी, पाठवणी यांची सॉफ्टवेअर लागतात आणि ती करणारी छोटी दुकानं आहेत. तिथे मालक स्वतः मुलाखत घेतो, पदवी दुसऱ्यांदा विचारतो, काम पहिल्यांदा. पगार कमी असतो. मी पंधरा हजारांच्या स्टायपेंडवर सहा महिने काढले. पण पहिल्याच महिन्यात माझा कोड खऱ्या गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालत होता.

भेटीगाठी करा. पायथॉन पुणेसारख्या गटांच्या बैठका शनिवार-रविवारी होतात, बहुतेक फुकट असतात. पहिल्या दोन वेळा कुणाशीही न बोलता मी समोसा खाऊन परत आले होते. तिसऱ्यांदा खुर्च्या लावायला मदत केली, तेव्हा ओळखी झाल्या.

अर्ज आणि मुलाखत

बायोडेटा एक पान. वर प्रकल्प, खाली शिक्षण. एमपीएससीची वर्षं लपवू नका, "या काळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास" असं एका ओळीत लिहा. पुण्यात मुलाखत घेणाऱ्याचा एखादा भाऊ किंवा मेहुणा अभ्यासिकेत बसलेला असतोच, त्याला सगळं कळतं.

"इतिहास सोडून इकडे का?" हा प्रश्न येणारच. "आयटीत स्कोप आहे" हे उत्तर दिलंत की संपलं. मी सांगितलं होतं, "मोडी कागदांची सूची एक्सेलमध्ये करत होते, तीन हजार नोंदींत एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं, ते जुळवायला प्रोग्राम शिकले आणि मग कागदांपेक्षा प्रोग्रामच जास्त आवडायला लागला." हे खरं होतं, म्हणून पुढच्या प्रश्नांना उत्तरं तयार करावी लागली नाहीत. तुमचंही असं काहीतरी खरं असेलच, ते शोधून ठेवा.

इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्यांना इथे घाम फुटतो, मलाही फुटायचा. व्याकरणाच्या क्लासऐवजी रोज पाच मिनिटं आज काय केलं ते इंग्रजीत मोठ्याने बोला आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. कंपनीत रोज सकाळी नेमकं हेच बोलायचं असतं: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं. शंभर शब्दांत भागतं. मुलाखतीत उत्तर येत नसेल तर गप्प बसू नका, काय काय सुचतं आहे ते बोलत राहा. नकार किती येतील? मला सेहेचाळीस अर्जांनंतर पहिलं बोलावणं आलं. मी वहीत मोजत होते.

ऑफर लेटर हातात आलं की आनंदाच्या भरात सही करू नका. बाँड किती वर्षांचा आहे, मोडला तर किती पैसे, नोटीस पिरियड किती, पीएफ कापतात का, हे रात्री शांत बसून वाचा. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड पुढची नोकरी बदलताना आडवा येतो.

पहिले सहा महिने

पहिल्या नोकरीत मी घरोघरी दूध टाकणाऱ्या एका सेवेच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर होते. कोथरूडच्या एका आजींची तक्रार आली: "दूध मी १ मार्चपासून लावलं, फेब्रुवारीचं एका दिवसाचं बिल कसं आलं?" रक्कम एका लिटरची. पण आजी फोन ठेवेनात. सगळे बिलाचा कोड तपासत होते, तो बरोबर होता. मला काही सुचत नव्हतं म्हणून मी नोंदीच वाचत बसले. मोडी पत्रात तारीख आली की पहिला प्रश्न असतो, ही कोणत्या कालगणनेतली? शुहूर सन, फसली की शके? "छ" लिहून हिजरी महिन्याचा चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, दिलेला असेल तर तो बदलून घ्यावा लागतो. आजींच्या नोंदीवर वेळ होती २३:१५. रात्री सव्वाअकराला दूध कोण टाकतं?

सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ ठेवत होता. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १ मार्चला पहाटे पावणेपाचला टाकलेली पिशवी सर्व्हरच्या लेखी फेब्रुवारीच्या शेवटच्या रात्रीची होती. पहाटे साडेपाचच्या आधी पोचलेलं सगळंच दूध आदल्या दिवशी जमा होत होतं, पण रोज होत असल्यामुळे कुणाला कळत नव्हतं. महिन्याच्या काठावर मात्र ते उघडं पडत होतं. दुरुस्ती दोन ओळींची निघाली.

तर पहिले सहा महिने असे बग मागून घ्या. नवं काही बनवायची घाई नको. प्रत्येक बग सुटला की एका वहीत किंवा फाइलमध्ये तारीख घालून चार ओळी लिहा: काय दिसत होतं, कारण काय निघालं, कसं सापडलं, पुन्हा कुठे असू शकेल. कोड रिव्ह्यूमध्ये वरिष्ठाने पंचवीस शेरे मारले तर ते प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावरचे समजा आणि एकेकाला उत्तर द्या. न कळलेला प्रश्न त्याच दिवशी विचारा, सहाव्या महिन्यात तोच प्रश्न विचारायला लाज वाटते. वनाजला मेट्रोत बसलं की रामवाडीपर्यंत जागा सोडावी लागत नाही, तेवढ्यात त्या वहीची दोन पानं होतात. माझी आता नववी वही चालू आहे, आणि पहिलीच्या पहिल्या पानावर आजींचं एक लिटर दूध आहे.